खात्रीबाईंचा फोन

टेलिप्रिंटर चालवायला आमच्या इस्पितळात ज्या बाई आल्या, त्यांना 'खात्रीबाई' हे नाव मीच ठेवलं. मी शेजारच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ. आमच्या दोन खोल्यांत मिळून एकच फोन होता, आणि बाई दिवसभर त्याला चिकटलेल्या. अहवाल यंत्रावर पाठवला की पलीकडच्या यंत्राकडून आपोआप पोच उमटायची. तरी अहवालात नकार असला की बाई लाइन लागेपर्यंत पुन्हा पुन्हा डोंगरापलीकडच्या छोट्या इस्पितळात फोन लावायच्या आणि तिथल्या नर्सला म्हणायच्या, "कागद हातात घे गं. आता मला वाचून दाखव."

"पोच आली ना बाई? मग कशाला तिच्या डोक्याला ताप?" मी एकदा विचारलं.

"पोच यंत्राने दिली. सुई यंत्राला टोचायची नाहीये."

बाईंची अठरा वर्षं तारघरात गेली होती. नवरा लवकर गेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. तिची औषधंसुद्धा दोनदा मोजून देत असणार, असं मी मागून म्हणायचो आणि सगळे हसायचे. बाईंच्या कानावर ते गेलंच असेल.

एकदा मला रक्तदात्याला तातडीने बोलवायचं होतं आणि फोन पाऊण तास बाईंच्या हातात. माझं डोकं फिरलं. मी अधीक्षकांकडे लेखी तक्रार ठोकली. चौथ्या दिवशी परिपत्रक निघालं: पोच आल्यानंतर फोन करू नये. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सही कुठे करू?"

पुढे बारा दिवसांनी त्या छोट्या इस्पितळातून एका बाळंतिणीच्या रक्ताचा नमुना आला. सोबत तिला द्यायच्या बाटलीतलाही. दोन्ही एकत्र करताच माझ्या डोळ्यांदेखत गुठळ्या झाल्या. मी लाल शाईने लिहिलं, 'ही बाटली देऊ नये', आणि कागद बाईंकडे दिला. अकरा वाजून सात मिनिटांनी पोच आली. बाईंचा हात फोनकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोखून बघत होतो. त्यांनी हात मागे घेतला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

कागद तिकडे बरोबर पोचला होता. यंत्राखालच्या ट्रेमध्ये पडून होता. पण तिथली नर्स ट्रेमधले कागद संध्याकाळी एकदाच गोळा करायची. चार वर्षं तिला प्रत्येक नकार बाईंच्या फोनवरच कळला होता. बाईंचा फोन आला नाही म्हणजे रक्त जुळलं, असा तिथे रिवाजच पडला होता, आणि इथे आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. परिपत्रकही आमच्याच भिंतीवर लागलं होतं, तिकडे कुणी कळवलं नव्हतं. दोन वाजता बाटली लावली. चारच्या आत ती बाळंतीण गेली. मूल वाचलं.

चौकशीत बाईंकडची प्रत पुढे ठेवली गेली. वेळ होती, पोच होती. अधीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नर्सची बदली झाली आणि फाइल मिटली.

महिन्याभराने त्या बाळंतिणीचा नवरा आला. या कार्यालयातून त्या कार्यालयात हिंडून दमलेला. त्याला तो कागद दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी पोचेवर बोट ठेवलं.

"म्हणजे कुणाचंच चुकलं नाही?" त्याने विचारलं.

"सगळं नियमाप्रमाणे झालंय," मी म्हणालो.

बाई खुर्चीवरून उठल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी फोन करायला हवा होता. हात पुढे केला होता मी. नाही केला फोन."

तो आता हात उगारणार असं मला वाटलं. तो मटकन बाकावर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. "ताई, महिना झाला फिरतोय. एवढं कुणी म्हटलं नव्हतं हो."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. परिपत्रकाबद्दल, तक्रारीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी चार पावलांवर उभा होतो. 'माझंही चुकलं', एवढंच म्हणायचं होतं. नमुने तपासायचे राहिलेत असं पुटपुटत मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.