स्थलपद्माची कच्ची पानं

स्थलपद्मासारखं छळवादी फूल मी दुसरं पाहिलं नाही. सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लालभडक, आणि दुसऱ्या दिवशी मान टाकून मोकळं. जलरंगात त्याला पकडायचं म्हणजे दिवसभर त्याच्यापुढे पाट टाकून बसायचं. यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा, सत्तरच्या आसपास, मला हा नादच लागला होता.

झाड शेजारच्या बागेत होतं. शेजारीण माझ्या आईच्या वयाची, विधवा, एकटी. सगळे तिला मासीमा म्हणत, म्हणून मीही. मी त्यांच्याशी हिंदीत बोलायचे, त्या माझ्याशी बंगालीत, आणि दोघींचं छान चालायचं, असं आपलं मला वाटायचं. बागेत बसून मी भराभर कच्ची चित्रं करायची आणि रंग विसरू नये म्हणून कडेला लिहून ठेवायची: सकाळी 'ताक', दुपारी 'सोलकढी', संध्याकाळी 'अमसुलाचं सार'. मासीमांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तर हसून हसून त्यांना ठसका लागला.

त्या वर्षी दुर्गापूजेनंतर त्यांचं घर विकलं गेलं. मुलगा त्यांना दिल्लीला नेणार होता, तिसऱ्या मजल्यावर, कुंडीलाही जागा नाही अशा घरात. "हे झाड मला कागदावर दे," एवढंच त्यांनी मागितलं. मी हो म्हटलं. पण तिकीट दोनदा पुढे ढकललं गेलं आणि मीही निवांत झाले.

एका संध्याकाळी बागेत माझ्या मांडीवर तीन कच्ची पानं होती. मासीमांनी हात पुढे केला. "एटाई दाओ ना." हेच दे की. मी पानं पाठीमागे लपवली. पांढरं फूल गढूळ झालेलं, लाल रंग भलतीकडेच ओघळलेला. असलं देतात होय कुणाला? "कच्चा है, मासीमा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "काल ट्रेन. हावडा थेके."

हिंदीतलं 'कल' पुढेमागे दोन्हीकडे चालतं, हे मला पक्कं ठाऊक. पण त्यांचा 'काल' अगदी आपल्या 'काल'सारखा, ठसठशीत काना देऊन. हावड्याहून गाडी काल होती, म्हणजे जाणं पुन्हा रद्द, असं मी धरून चालले. "अच्छा हुआ!" म्हणाले आणि वर हसले. मासीमांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग "ताहोले थाक", म्हणजे राहू दे तर, असं म्हणून आत गेल्या.

अच्छा हुआ म्हणे! जीभ कशी झडली नाही माझी!

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी डालड्याचा डबा. त्यात मातीत खोचलेली स्थलपद्माची फांदी आणि तिला उमलायच्या बेतात आलेली कळी. घरी बसून काढ म्हणून पाठवली असणार, असं वाटलं आणि काय हरखले मी! जेवणखाण विसरून बसले. या वेळी पांढऱ्याला रंगच लावला नाही, कागद तसाच कोरा ठेवला, आणि फूल उजळलं. अंधार पडायच्या आत तिन्ही रंग एका फांदीवर आले. ओल्या चित्राला फुंकर घालतच शेजारी गेले. फाटकाला कुलूप होतं.

समोरचा पानवाला म्हणाला, "मासीमा तो सुबह ही हावडा चली गयीं. कल आपको बोला नहीं?"

बंगालीतला 'काल'ही हिंदी 'कल'सारखाच 'उद्या'लाही चालतो, हे मला तेव्हा कळलं. नव्या मालकाकडे दिल्लीचा पत्ता नव्हता. चिठ्ठी येईल म्हणून मी खूप वाट पाहिली. फांदीने मूळ धरलं; आमची बदली होईपर्यंत ती खिडकीशी फुलत होती.

ते चित्र आज माझ्या बैठकीत आहे. येणारा-जाणारा वाहवा करतो, आणि मला मेलं ते बघवत नाही. कच्ची पानंही आहेत ट्रंकेत. ओघळलेल्या रंगाशेजारी माझ्या अक्षरात ताक, सोलकढी, सार. मासीमांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ते तीन शब्द त्यांना पाठ होते. तेव्हाच ती पानं दिली असती तर दिल्लीच्या त्या घरात एकट्या बसून हसल्या असत्या हो बिचाऱ्या.