महेबूब सरांची हाळी

लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा महेबूब सरांनीही एका दाळमिलच्या माडीवर इंग्रजीचा फळा टांगला. शिकताना सर आडत बाजारात पोती उचलायचे. त्यामुळं खांदा हमालाचा आन जीभ इंग्रजीची, असा गडी.

लांबलचक इंग्रजी शब्द आला की खेड्यातली पोरं प्रत्येक अक्षराला सारखाच रेटा द्यायची. अर्ध्यातच दम संपायचा. सर म्हणायचे, "अरे, जोर दिवसभर लावतेत का? तुकडे पाडा, एकाच जागी लावा." मग फळ्यावर लिहायचे, रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. 'बि'खाली रेघ ओढायचे आन टेबलावर थाप मारून हमालाची हाळी द्यायचे, "हैऽशा!" थापेसरशी सगळा वर्ग 'बि' उचलायचा.

शेषेरावची लेक उज्वला तेवढी गप. पोरगी भूकंपाच्या गावची, कागदावर पहिली. नांदेडला डॉक्टरकीला जायचं तिच्या मनात, पण तिथं तोंडी परीक्षा इंग्रजीत. हिचं तोंड उघडायचंच, असं सरांनी घेतलं मनावर. एक दिवस तिच्याच बाकापाशी उभं राहून हाळी दिली. उज्वला पांढरीफटक पडली, दप्तर उचललं आन जिना उतरून गेली.

तिच्याच गावची सिंधु म्हणाली, "सर, भूकंपात ती पडलेल्या माळवदाखाली दबली होती. हमालांनी तुळई उचलली तवा हीच हाळी चालू होती."

भूकंपाच्या दिवशी मदतीला ट्रकात बसून गेलेल्या हमालांत सरही होते. किती घरं उपसली, कुणाची, कोणाच्या ध्यानात राहतंय?

हाळी बंद झाली. "इथं जोर द्या," सर नुसतं सांगायचे. शब्द पुन्हा फरफटायला लागले.

पुढल्या आठवड्यात उज्वला येऊन बसली. थोडा वेळ ऐकलं आन उठली.

"सर, हाळी का बंद केलाव?"

"तुला तरास हुतो म्हणून, बेटा."

"हुतो की. पर खाली आवाज यायचा तवा वाटायचं, माणसं हायेत वर. दोन हाळ्यांच्या मधी गप व्हायचं ना, तवाच लई भ्याव वाटायचं."

सरांनी थाप मारायला हात उचलला, पण तिच्याकडं बघून तसाच टेबलावर ठेवला. मग उज्वलानंच बाकावर थाप मारली, "हैऽशा!" आन सबंध शब्द शेवटल्या 'टी'पत्तूर नेला.

"हळू गं बाई," सिंधु म्हणाली, "खालच्या मिलचे हमाल येतेल वर पळत."