सोळा जणांचा एकच गंधार

सातव्या मुलीनंही गंधार तसाच लावला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

आटपाडीतल्या एका हायस्कूलमध्ये संगीताच्या परीक्षा चालू होत्या. मी सांगलीहून परीक्षक म्हणून गेलो होतो. समोर चटई, मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप, शेजारी इलेक्ट्रॉनिक तबला. पोरांनी एकेक करून आत यायचं, भूप राग गायचा आणि जायचं. पेटीची साथ मी मुद्दाम ठेवत नाही. पेटीच्या आडोशाला पुष्कळ काही लपतं.

माझा धंदा तसा सरमिसळ आहे. हळदीच्या जाहिरातीपासून गणपती मंडळाच्या गाण्यापर्यंत कशालाही चाल लावून देतो. कार्यक्रमात पेटी वाजवतो. घरी क्लास आहे. आणि वर्षातून दोनदा असा परीक्षक होऊन लोकांच्या पोरांना घाबरवतो. ठरावीक परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं हल्ली गर्दी बरी असते. त्यातली निम्मी पोरं गाण्यासाठी आलेली नसतात, पण आपलं काम ऐकायचं.

भूपात पाचच स्वर. त्यात गंधार, म्हणजे 'सारेगम'मधला ग, हा घरचा कर्ता. तो उतरला की सगळं घर उतरतं. या पोरांचा गंधार उतरलेला होता. थोडा नव्हे, चांगला उतरलेला. बाकीचे चार स्वर मात्र खणखणीत. ताना पाठ, ताल पक्का.

पोरं बेसूर गातात यात नवल नाही. पण चूक करावी तर प्रत्येकानं आपापली करावी! कुणाचा चढावा, कुणाचा उतरावा, कुणाचा मध्येच पळावा. इथं सोळाच्या सोळा जण नेमक्या एकाच जागी उतरत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे ऐकून झाले आणि माझ्या कागदावर स्वरांच्या रकान्यात सोळाही नापास होते. स्वरात नापास तो परीक्षेत नापास.

केंद्राचे प्रमुख साळुंखे सर डबा उघडता उघडता कागदाकडं बघत होते.

"आवं सर, एकबी न्हाई?"

"एकही नाही."

"पोरं लय लांबनं आल्यात. सोळाबी माने बाईंचीच. त्यांच्या गावात त्यो एकच क्लास हाय. सगळी नापास झाली तर उद्यापास्नं कोण पाठवंल? बंदच पडंल की. घ्या सांभाळून."

"सर, मी स्वर ऐकायला आलोय, सांभाळायला नाही."

हे मी जरा तोऱ्यातच म्हणालो. पण भाकरी खाली जाईना. सोळा जणांचा एकच गंधार मला छळत होता. शेवटी मी माने बाईंना बोलवायला सांगितलं.

बाई चाळिशीच्या. बाहेर पोरांना डबे वाटत होत्या, तशाच पदराला हात पुसत आल्या. मी म्हटलं, "बाई, जरा भूप म्हणा."

"मी? परीक्षा पोरांची हाय ना सर?"

"म्हणा तर."

त्यांनी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी धरून, सा लावला आणि गायल्या. आवाज गोड, जागा नेमक्या. आणि गंधार तोच. अगदी तोच. जराही हलत नव्हता. चुकणारा माणूस चाचपडतो. बाई चाचपडत नव्हत्या. माझी मघाची चीड तिथंच विरली.

"शिकवता कशावर?"

"पेटीवर. आणलीय की जीपमधनं. म्हटलं लागली तर असावी."

पेटी आली. जुनी, एकेरी सुरांची, सासऱ्यांच्या भजनी मंडळातली. मी काळी चारवर सा धरून भूपाचे स्वर वाजवले. सा बरोबर. रे बरोबर. गंधारावर बोट ठेवलं आणि पोरांनी सकाळपासून लावलेला तो स्वर पेटीतून जसाच्या तसा बाहेर आला.

पेटीच्या पोटात प्रत्येक स्वराची पितळेची पातळ पट्टी असते, एकेरी पेटीत एकच. भात्याची हवा लागली की ती थरथरते. पट्टीच्या टोकावर कळंक, धूळ बसली की ती जड होते आणि सूर उतरतो. एका दिवसात नाही. इतका हळू की रोज वाजवणाऱ्याला कळतही नाही, त्याचा कानही बरोबरीनं उतरत जातो. आणि बाई कायम काळी चारमध्येच गाणाऱ्या, त्यामुळं प्रत्येक वेळी गंधार त्याच उतरलेल्या पट्टीवर यायचा.

आता हे बाईंना सांगायचं कसं? सिनेमावाल्याला त्याचं गाणं टाकाऊ आहे असं मी तोंडावर सांगितलंय. पण इथं जीभ रेटेना. मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं आणि पेटीशेजारी ठेवलं. बाकीच्या चार स्वरांना हिरवा दिवा लागला. गंधाराला लाल. बाईंनी स्वतः बोट ठेवून बघितलं. परत बघितलं. मग स्वतः गाऊन बघितलं. लालच.

"कवापास्नं असंल हे?"

"सांगता येणार नाही. चारपाच वर्षं तरी."

बाईंनी पेटीचा भाता बंद केला. मग उठल्या. मला वाटलं बाहेर जाऊन रडतील. त्या व्हरांड्यात गेल्या आणि सगळ्या पोरांना गोळा केलं. दोनचार पालकही होते.

"ऐका रं. तुमचा गंधार चुकतोय. तुमी न्हाई चुकला. मी चुकीचा शिकवला. माझी पेटी उतरली हुती आणि मला कळलं न्हाई."

एक पालक पुटपुटला, "मग इतकी वर्षं काय शिकिवलं?" बाईंनी त्याच्याकडं बघून मान हलवली. "व्हय, चुकलंच माझं," म्हणाल्या. मी चाळीस वर्षं गाण्यात आहे. मोठमोठ्या बुवांना सूर सुटल्यावर तबलजीकडं डोळे वटारताना बघितलंय. असं बोललेलं कुणाला बघितलं नव्हतं. मला त्या बाईचा अभिमान वाटला.

मी पेटी उघडली. बारीक कानस आणि ब्लेड माझ्या पिशवीत असतंच. पट्टीचं टोक साफ केलं, हलक्या हातानं घासलं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. जास्त घासलं तर पट्टी कामातून जाते, म्हणून दर वेळी वाजवून बघायचं. अर्ध्या तासानं हिरवा दिवा लागला.

मग साळुंखे सरांना म्हटलं, "कागदावर सही होईपर्यंत परीक्षक एखाद्याला पुन्हा ऐकू शकतो, असा नियम आहे. सोळा जणांना ऐकू नये असं कुठं लिहिलेलं नाही."

"न्हाईच लिवलेलं!" सरांचा चेहरा खुलला.

दोन तास बाईंनी पोरांना नव्या गंधारावर घोळवलं. नंतर मी परत एकेकाला बोलावलं, पेटीशिवायच. गंमत अशी, की ज्यांच्या डोक्यात जुना गंधार कच्चाच बसला होता ते पटकन वर चढले. तेरा जण पास झाले, काही जेमतेम. तीन जण राहिले. त्यातली एक पल्लवी. दहावीची. तिची ही शेवटची संधी होती. सोळा जणांत तिचा कान सगळ्यात तयार, आणि तिचाच गंधार हलेना. तिनं चार वेळा लावला. चारही वेळा जुनाच.

मला मोह झाला. एका मुलीला वर ढकललं तर कोण विचारणार होतं? बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं.

"नका करू सर," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जास्त माझं तिनंच ऐकलंय. पास केलं तर ती ह्योच सूर खरा धरून बसंल."

मी नापास लिहिलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पोरीचे वाढीव गुण गेले ते गेलेच.

साडेपाचची एसटी चुकली. साळुंखे सरांनी मला मोटारसायकलवर विट्यापर्यंत सोडलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "क्लास ऱ्हातोय का बघू आता."

क्लास राहिला. दोन पालकांनी पोरं काढून घेतली, बाकीच्यांनी नाही. त्यानंतरच्या रविवारपासून बाई सांगलीला माझ्याकडं यायला लागल्या. बरोबर पल्लवी. दोघी नवशिक्यांच्या बॅचमध्ये एकाच सतरंजीवर बसायच्या आणि सा-रे-ग पासून सुरुवात करायच्या. दहावी झाली तरी पल्लवीनं येणं सोडलं नाही. तिचा गंधार सहा महिन्यांत जागेवर आला. बाईंचा यायला वर्ष लागलं. तोवर चूक झाली की पल्लवीच त्यांना हळूच सांगायची, "बाई, खाली गेला." आणि बाई परत लावायच्या.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. एक पोर चुकलं तर पोराला सांगावं. सगळी पोरं एकसारखी चुकली तर आधी पेटी उघडावी, कारण पोरं शिकवलं तेच शिकलेली असतात.