सर्वात वाईट कादंबरी

पाणबुड्यांच्या थरारक कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका लेखकाचे आमच्या वाचनालयात दोन भक्त आहेत. एक गोदीतून निवृत्त झालेले केळकरकाका, दुसऱ्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सुनंदाताई. काल त्याची सर्वात चांगली कादंबरी कोणती, यावर दोघांचं मिनिटभरात एकमत झालं आणि विषय संपला. सर्वात वाईट कोणती, यावर मात्र तासभर जुंपली.

"एकशे बारावं पान! खोल समुद्रात पाणबुडीचं दार हा नायक बाहेरून एका हाताने ओढून उघडतो. वर एवढं पाणी असताना?" हातातलं पुस्तक नाचवत काका कडाडले.

"उघडू दे की," ताई म्हणाल्या. "आत त्याचा मित्र अडकलाय."

मी शेजारी बसून ऐकत होते. चांगल्या पुस्तकाचं कौतुक ऐकीव माहितीवरही करता येतं. पण चूक पानासकट पाठ असायची, तर त्या पुस्तकात मुक्कामच करावा लागतो. इतकं तळमळून आपण फक्त घरच्या माणसावर रागावतो.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. काकांनी ते चटकन छातीशी धरलं.

"राहू दे हो अजून आठवडाभर."