अडलेल्या म्हशीच्या पोटात सापडलेला हात

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते. एकटीने जेवायचं म्हटलं की ताटासमोर काहीतरी लागतं, म्हणून. खरे मानून मात्र एकही वाचलेला नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची असलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. वडील शिक्षक होते. कुणाच्या अंगात आलं की ते आधी विचारायचे, "जेवला का हा सकाळपासून?" आणि मी तर पशुवैद्यक. जे दिसतं, हाताला लागतं, त्यावरच माझा दिवस चालतो.

...तरीही हे लिहितेय. कारण जे झालं ते हातालाच लागलं.

आधी वैशालीबद्दल सांगावं लागेल. परभणीच्या कॉलेजात पाच वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. ती पाथरीकडची, शेतकऱ्याची मुलगी. उंच, लांब हातांची. मी चार फूट दहा इंच! मोठ्या जनावरांच्या कामात हाताची लांबी फार महत्त्वाची असते. गाय-म्हैस अडली की खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो, आणि माझा हात जिथे संपायचा तिथून पुढे वैशालीचा चालू व्हायचा. मी पुस्तकातलं सांगायची, ती करायची. तिला एका हाताने, न बघता, दोराची एक गाठ मारता यायची. आजोबांकडून शिकलेली. दोन वेढे, आणि दुसरा पहिल्याच्या खालून. शेवटच्या वर्षी ती मला ती शिकवायला बसायची... खाटेच्या पायाला चादर गुंडाळून, चादरीखाली हात घालून. माझी गाठ प्रत्येक वेळी सुटायची. "तुला जन्मात जमायची न्हाई," म्हणून हसायची.

त्याच शेवटच्या वर्षी, इंटर्नशिप संपायला दोन महिने उरले असताना, ते झालं. दवाखान्यात एक बैल आला होता. जनावर उभं करायच्या लोखंडी खोड्यात त्याला घेतलं. कासरा माझ्या हातात, आणि वैशाली बाजूच्या दांड्यांमधून हात घालून जखम बघत होती. बैल बिथरला. पुढच्या दोन सेकंदांत तिचा उजवा हात बैलाच्या अंगात आणि दांड्यात चेचला गेला.

हाडं जुळली, नसा नाही जुळल्या. कोपराच्या खाली हात नुसता लटकायचा. बोटं थोडी हलायची, पण चटका बसला तरी कळायचं नाही.

"कासरा निसटला," असं मी सगळ्यांना सांगितलं. वैशालीने मला काहीच विचारलं नाही. निकाल लागला, तिने लातूरला एका पशुखाद्य कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. दिवसभर फोनवर शेतकऱ्यांच्या शंका ऐकायच्या. खोली रिकामी करताना आम्ही दोघी पुस्तकांबद्दल बोललो, बादलीबद्दल बोललो. त्यानंतर सात महिने एकही फोन नाही. ना तिचा, ना माझा.

मला कंत्राटी नेमणूक मिळाली जिंतूर तालुक्यात. जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला लागलं की एक फाटा फुटतो, तिथून चार किलोमीटर आत. गावाचं नाव लिहीत नाही. दोन खोल्यांचा दवाखाना, पुढे कडुलिंब, त्याखाली गंजलेला खोडा. शिपाई निवृत्त झालेला, जागा रिकामी. त्यामुळे कुलूप उघडायला मी, झाडायला मी, सुई उकळायला मी. लोक यायचे आणि माझ्या मागे बघून विचारायचे, "डॉक्टर कुटं गेले?"

"मीच आहे."

मग ते माझ्याकडे एकदा, जनावराकडे एकदा बघायचे.

दुपारी तीननंतर कुणी येत नसे. गावात मैत्री करायची तर माझ्या वयाच्या मुली लग्न होऊन गेलेल्या. जी भाड्याची खोली होती तिच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांना ऐकू कमी यायचं. कधी कधी लक्षात यायचं की आज सकाळपासून मी जे काही बोलले ते "हो... हो... थांब" एवढंच, आणि तेही गाईला. आईचा फोन आला की मात्र "मजेत आहे" म्हणायची. कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो असायचे. मी वैशालीचं नाव उघडायची, काहीतरी टाइप करायची, पुसायची.

ते नोव्हेंबरचे दिवस होते. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरोघरी म्हातारी माणसं राहिलेली. सकाळी साडेदहाला गयाबाई नावाच्या आजी चालत दवाखान्यात आल्या. धापा टाकत होत्या.

"बाई, डॉक्टरला सांग, म्हस अडलीया. पानमोट फुटून लय येळ झाला. लेक-सून कारखान्यावर हायेत, घरी मी एकलीच हाय."

"आजी, मीच डॉक्टर."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. खरंच हातांकडे. "लय बारीक हायेस गं माय," एवढंच म्हणाल्या.

गोठा गावाच्या टोकाला, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी तुऱ्हाट्यांचा कूड. म्हैस आडवी पडलेली. हात घालून बघितलं तर रेडकाचे पुढचे दोन्ही पाय वाटेत आलेले, पण डोकं मागे वळून कुशीकडे गेलेलं. असं असलं की डोकं सरळ केल्याशिवाय ओढायचंच नाही. रेडकू जिवंत होतं. खुराजवळ चिमटा घेतला की पाय मागे घेत होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या सरांना फोन लावला. ते दुसऱ्या टोकाला, सेलूच्या बाजूच्या गावात होते. म्हणाले, "मला यायला दोन-अडीच तास लागतील. जमतंय का बघा तोवर."

दोन-अडीच तास रेडकाकडे नव्हते. आणि म्हशीकडे तरी होते की नाही, कुणास ठाऊक.

साबणाचं पाणी, गोडं तेल... सगळं केलं. साधा सरकता फास केला, बोटांत धरून आत नेला. तो रेडकाच्या खालच्या जबड्यात बसवायचा होता. माझी बोटं कानापर्यंत पोहोचत होती. कानाच्या पुढे नाही. जबडा आणखी वीतभर लांब. कळ आली की म्हशीच्या हाडांत दंड असा आवळला जायचा की डोळ्यांपुढे काजवे. हात बाहेर काढायचा, दुसरा घालायचा. परत पहिला. तासाभराने बोटांना काही कळेनासं झालं. गयाबाई डोक्याशी बसून म्हशीच्या गळ्यावरून हात फिरवत होत्या. एकदा मी पाय चिमटून बघितला तर रेडकाने तो घेतला, पण अगदी हळू.

मी जमिनीवर पालथी, गाल म्हशीच्या मांडीवर, डोळे मिटलेले. घड्याळ काढून ठेवलेलं होतं, पण बारा वाजून गेले होते हे नक्की — शाळेची मधली सुट्टी झाल्याचा गलका ऐकू आला होता.

आणि तेव्हा आत माझ्या हाताला हात लागला.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. रेडकाचा पाय असेल. मी हजारदा पाय चाचपलेत. खूर म्हणजे खूर. ही बोटं होती. लांब, कोमट, माझ्या मनगटाच्या वरून पुढे गेलेली. त्यांनी माझ्या बोटांतला दोर काढून घेतला. ओढून नाही... वर्गात मैत्रीण आपल्या हातातलं पेन घेते ना, तसा. मी घाबरायला हवं होतं. पण नाही घाबरले. अंधारात आईचा हात कसा ओळखू येतो, तसा मी तो ओळखला होता.

मी नुसता हात तिथे ठेवून पडून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग दोराचं टोक माझ्या तळव्यात परत आलं, ताणलेलं. माझी मूठ कुणीतरी त्यावर मिटली. मी डाव्या हाताने रेडकाची छाती मागे रेटली, उजव्याने दोर ओढला, आणि डोकं वळलं. सरळ वाटेत आलं.

पुढचं सोपं होतं. गयाबाईंनी आणि मी मिळून ओढलं. काळंभोर रेडकू मातीत पडलं, शिंकलं. मी नाक साफ केलं, शिंक यावी म्हणून त्यात काडी फिरवली, छाती चोळली. मग जबड्याकडे बघितलं. मी आत नेला होता तो साधा सरकता फास. बाहेर आले होते दोन वेढे, आणि दुसरा पहिल्याच्या खालून.

गाठ इतकी घट्ट होती की गयाबाईंनी विळ्याने कापून टाकली. मी थांबवायला हवं होतं. सुचलंच नाही.

हात धुताना त्यांनी विचारलं, "ही वैशी कोन गं?"

"काय?"

"मगापासून वैशे, धर, वैशे, धर करायलीस. बहीन हाय का?"

"मैत्रीण आहे."

"मंग आली आसंल मदतीला," आजी म्हणाल्या, आणि रेडकाला म्हशीच्या तोंडाशी सरकवायला लागल्या.

चार वाजता मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वैशालीला फोन लावला. सात महिन्यांनी. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. 

"वैशे?"

"किती वाजता?"

"बारानंतर. साडेबाराच्या आत."

"...नंतर करते," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने फोन केला नाही. पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या बसने ती स्वतः आली. आधी जिंतूर, मग फाट्यावरून पायी. वाळली होती. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. कडुलिंबाखाली बसलो. मी केलेला चहा तिने डाव्या हाताने घेतला.

"त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला मी एका शेतकऱ्याशी फोनवर बोलत होते," ती म्हणाली. "ह्या हाताला गरम लागायला लागलं. ह्याच्यावर उकळता चहा सांडला तरी कळत न्हाई मला, आणि गरम लागायलंय! मग आवळल्यासारखं. कळ येते-जाते तसं. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले."

"घाबरलीस?"

"न्हाई गं. खूश झाले. वाटलं, हात परत आला."

"मग?"

"मग गेला." तिने कप खाली ठेवला. "डॉक्टर म्हणले, नसांना असं होतं कधीकधी."

गोठ्यातल्या हाताबद्दल याहून जास्त आम्ही बोललो नाही. बोलायला काय होतं? पण मला एक सांगायचं होतं, आणि ते तेव्हा सांगितलं नसतं तर कधीच सांगितलं नसतं.

"वैशे, कासरा निसटला नव्हता. मी घाबरून सोडला."

"बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय दिवस लावलेस."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. गयाबाईंकडे जाऊन तिने रेडकू बघितलं, त्याच्या जबड्यावरून डावा हात फिरवला, आणि तीनच्या बसने गेली. आता महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. हात तसाच आहे.

कारणं मीही शोधली. तासभर रक्त अडलं की स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटू शकतो. उपाशी होते, थकले होते. जी गाठ वर्षभर जमली नाही ती गरज पडल्यावर बोटांना आपोआप आठवली असेल. वडील हेच म्हणाले. "जेवली होतीस का?" हेही विचारलं. हे सगळं मला पटतं. फक्त वैशालीच्या साडेबाराचं काय करायचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ती गाठ परत मारायला बसले होते. अजूनही सुटते.

त्याला आता दोन वर्षं होतील. अडलेल्या गाई-म्हशी पुष्कळ सोडवल्या. काही वाचल्या, काही नाही. हात जिथे संपतो तिथे पोहोचले की मी अजून क्षणभर थांबते, डोळे मिटते. काही लागत नाही. मग आहे तेवढ्या हाताने पुढचं काम करते.