स्क्रीनवरचा टॉवेल

त्या सोमवारी बाबांच्या मोबाइलमधलं पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप नव्या आवृत्तीनंतर बंद पडलं. बाबांना दिसत नव्हतं, आणि मी वाचून दाखवलेलं त्यांना आवडत नसे.

ॲप फुकट होतं. काही माणसं ते फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत. त्यांच्या तक्रारींच्या पानावर मी लिहिलं, त्यात पनवेलचा उल्लेख आला. रविवारी त्यांच्यातलीच एक बाई पत्ता विचारून घेऊन उलव्याहून पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या घरी आली. जासईच्या कंटेनर यार्डात ती नोकरी करत होती. तिने आपला लॅपटॉप उघडला, त्यावर तेच ॲप चालू केलं, दोरीवरचा बाबांचा टॉवेल मागून घेतला आणि स्क्रीनवर टाकला. मग स्क्रीनवरचं वाचून सांगणाऱ्या नुसत्या आवाजावर अडलेलं बटण शोधू लागली.

मी हे सांगताच बाबा हसले. "टॉवेल कशाला? डोळे मिट की."

"मिटलेले डोळे मधीच उघडतात, काका. टॉवेल लबाडी करत नाय."

आमच्याआधी तक्रार केलेले बरेच जण रांगेत असतील, असं मी म्हटलं.

"त्यांना स्क्रीनला गडद रंग पायजे. ते वाचतायत, थांबतील. ज्याला दिसत नाय, त्याला तक्रारीचं पानसुद्धा सापडत नाय. म्हणून हे काम पयलं."

संध्याकाळी पुस्तक पुन्हा बोलू लागलं. बाबांनी ते शेवटापर्यंत ऐकलं. पुढच्या महिन्यात बाबा गेले. त्या बाईचं नाव त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं.

नंतर मीही ॲप सांभाळणाऱ्या त्या माणसांत सामील झाले. आता प्रत्येक नवी आवृत्ती आधी माझ्याकडे तपासायला येते. मी बाबांचा टॉवेल स्क्रीनवर टाकते आणि ऐकते.