सारवलेली जागा

ओल्या शेणाचा वास आला की मला कल्याणच्या घरातली ती दुपार आठवते. माझी धाकटी जाऊ दिवसभर आपलीच नाडी धरून बसायची. कुठे पटकीचं नाव निघालं की हिच्या पोटात कळ आलीच म्हणून समजा. शेवटी ठाण्याहून वैद्यबुवा आणले. त्यांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, नि सासूबाईंना म्हणाले, "रोग नाही, भीती आहे. एकदा मरण दाखवा, उतरेल." झालं! सासूबाईंनी माजघरात जमीन सारवली, वर दर्भ पसरला आणि मरणाऱ्याला खाली घेतात तसं तिला त्या ओल्यावर निजवलं. "मर बाई एकदाची, आम्ही सुटलो," म्हणून गळासुद्धा काढला. ती माझा पदर ओढत होती, "जाऊबाई, नका हो, मला खरंच होतंय!" आणि मी काय केलं? तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, नि फसकन हसले. त्या दिवसापासून तिची कुरकुर बंद झाली, वैद्यबुवांना धोतरजोडी मिळाली. दोन वर्षांनी मी पाणी घेऊन घरात येते तो माजघरात जमीन ताजी सारवलेली, आणि ही तिच्यावर निजलेली, अंग तापाने फणफणलेलं. किती दिवसांचा ताप तो, कुणाला ठाऊक! "अगं, सांगायचं नाहीस का?" म्हटलं, तर म्हणाली, "जागा मीच केलीय. तुळशीचं पान तेवढं ठेवा, आणि या वेळी हसू नका." दिवेलागणीला गेली. आता माझ्याच छातीत धडधडतं. सुना विचारतात, तर मी म्हणते, काही नाही गं.